चालू आहे ना? मग हात नका लावू!

लहान ऑफिसातल्या सर्व्हरचं अपडेट फेल झालं की दोष कोणाचा, या प्रश्नाला आपल्याकडे तीन उत्तरं तयार असतात. ऑफिसचा मालक म्हणतो, मायक्रोसॉफ्टचा. एएमसीवाला म्हणतो, जुन्या मशीनचा. आणि आपल्यातलाच कोणीतरी, म्हणजे पुण्यात, बंगळुरात किंवा इथेच मिहानमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी करणारा घरचा इंजिनियर, दिवाळीत आलेला असताना चहाचा कप हातात धरून म्हणतो, "काका, अपडेटच बंद करून टाका ना. कटकटच नको."

आज मला या तिसऱ्याशी भांडायचं आहे. पहिल्या दोघांशीही भांडायचं आहेच, पण तिसरा आपला माणूस आहे. त्याला जास्त कळायला हवं.

आधी कोणत्या सर्व्हरबद्दल बोलतोय ते सांगतो. डेटा सेंटरमधला नाही, क्लाउडमधला तर नाहीच. मी बोलतोय तो धंतोलीतल्या सीएच्या ऑफिसातला, रामदासपेठेतल्या पॅथॉलॉजी लॅबमधला, एखाद्या पतसंस्थेतला किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यातला सर्व्हर. तो बहुतेक वेळा जुन्या फायलींच्या खोलीत असतो. त्याच्यावर टॅली असतं, शेअर केलेला एक फोल्डर असतो, कधी लॅबचं सॉफ्टवेअर असतं. एप्रिल-मेमध्ये नागपूर ४५ अंशांच्या वर जातं तेव्हा माणसांच्या खोलीत कूलर असतो आणि याच्या खोलीत फार तर एक टेबल फॅन. मॉनिटर कुठल्यातरी नव्या मुलाच्या टेबलावर गेलेला असतो, त्यामुळे स्क्रीनवर काय लिहून येतंय हे कोणी पाहतच नाही. आठ-दहा लोकांची रोजीरोटी या डब्यावर चालते, आणि अख्ख्या ऑफिसात त्याचा मालक कोणी नसतो.

आणि त्याच्याभोवती एक पंथ तयार झालेला असतो. त्या पंथाचा मंत्र एकच: "चालू आहे ना भाऊ? मग काहून हात लावून राहिले?"

ऐकायला हा मंत्र शहाणपणाचा वाटतो. स्कूटर सुरू आहे तोवर कार्ब्युरेटर उघडू नये, इतका साधा. पण स्कूटरच्या बाबतीत बाहेरचं कोणी रोज रात्री येऊन तिचं कुलूप फिरवून बघत नसतं. सर्व्हरच्या बाबतीत बघत असतं.

बरं, अपडेट फेल का होतं? या प्रश्नाकडे आपण दैवी कोपासारखं पाहतो. स्क्रीनवर आठ अंकी कोड येतो, कोणीतरी तो गुगलमध्ये टाकतो, पहिल्या व्हिडिओत जे सांगितलं ते करतो. त्यात बहुधा 'सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन' हा फोल्डर उडवायला सांगितलेला असतो. हे आपल्या धंद्यातलं लिंबू-मिरची आहे. डाउनलोडच अर्धवट किंवा खराब उतरलं असेल तर त्याने फरक पडतो. बाकी वेळी अपडेटचा इतिहास दिसेनासा होतो आणि रोग तिथेच राहतो.

खरी कारणं फार साधी असतात, आणि बहुतेक ऑफिसातच तयार झालेली असतात.

पहिलं कारण, जागा. मशीन विकणारा सी ड्राइव्ह ६० जीबीचा करतो आणि उरलेली सगळी डिस्क डी आणि ईमध्ये वाटून देतो. पुढे कोणीतरी टॅलीचे बॅकअप सी ड्राइव्हवरच टाकायला लागतं. चार वर्षांनी अपडेटला पाय ठेवायला जागा नसते. मग एखादा उत्साही मुलगा 'विन-एस-एक्स-एस' नावाचा फोल्डर केवढा मोठा आहे ते पाहतो आणि त्यातल्या फायली हाताने उडवतो. त्या फोल्डरमधल्या पुष्कळ फायली म्हणजे सिस्टिममधल्याच फायलींची दुसरी नावं असतात, त्यामुळे तो दिसतो तेवढा मोठा नसतोच. आणि पुढच्या प्रत्येक अपडेटचं सामान तिथूनच येतं. तो साफ करायचा तर डिस्मच्या क्लीनअप कमांडने करायचा, डिलीटच्या बटणाने नाही.

दुसरं कारण, वीज. महावितरणवर सगळं ढकलायची आपल्याला सवय आहे, पण इथे गुन्हेगार वेगळा आहे. संध्याकाळी साडेसातला ऑफिस बंद करताना मेन स्विच खाली पाडायची पद्धत. पद्धत चांगली आहे, शॉर्ट सर्किटच्या भीतीने पडलेली आहे. पण त्याच वेळी सर्व्हर 'अपडेट सुरू आहे, ३० टक्के, मशीन बंद करू नका' असं सांगत असेल तर ते वाचणार कोण? मॉनिटरच नाही! यूपीएस दहा-पंधरा मिनिटं तग धरतो, मग शांत. सकाळी सर्व्हर अर्धवट बदल मागे घेत बसतो, कधी ते जमतं, कधी जमत नाही. विंडोजचं फायलींचं कोठार एकदा बिघडलं की पुढचं प्रत्येक अपडेट तिथेच अडकतं.

तिसरं, रिकव्हरी पार्टिशन. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज टेन आणि सर्व्हर २०२२ साठी एक अपडेट काढलं. त्याला रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा हवी होती. ज्या मशीनमध्ये ती नव्हती तिथे ८००७०६४३ हा कोड यायला लागला (पुढचा शून्य-एक्स मी गाळलाय). गंमत म्हणजे त्या कोडचा मजकूर 'इन्स्टॉल करताना गंभीर चूक' इतकाच होता, जागेचा त्यात उल्लेखही नाही. शेवटी मायक्रोसॉफ्टने सांगितलं की पार्टिशन तुम्हीच हाताने वाढवा. सीएच्या ऑफिसने पार्टिशन वाढवायचं! यात दोष मायक्रोसॉफ्टचाच, शंभर टक्के.

चौथं, घड्याळ. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपते, वीज गेली की मशीनची तारीख कित्येक वर्षं मागे जाते, सुरक्षा प्रमाणपत्रं त्या तारखेला अवैध ठरतात आणि सर्व्हर मायक्रोसॉफ्टशी बोलूच शकत नाही. लोक इंटरनेटवाल्याला शिव्या घालतात. दोष त्या स्वस्तातल्या बॅटरीचा असतो.

पाचवं, कोणी बोलत नाही ते. पेन ड्राइव्हवरून आलेलं 'लाइट' विंडोज. कोणीतरी त्यातले भाग कापून ते हलकं केलेलं असतं. अपडेट नेमका तोच कापलेला भाग शोधतं, मिळत नाही म्हणून फेल होतं. इथे कुठलीही कमांड चालत नाही. इथे लायसन्सचं बिल चालतं.

म्हणून फेल अपडेट दिसलं की क्रम साधा ठेवा. सी ड्राइव्हवर जागा किती, मशीनची तारीख बरोबर आहे का, गेल्या वेळी मशीन नीट बंद झालं होतं का. मग इव्हेंट व्ह्यूअर आणि सीबीएसचा लॉग उघडून शेवटची चूक खरंच वाचा. मग आधी डिस्म, आणि नंतर एसएफसी. उलट नाही, कारण एसएफसी चांगल्या फायली त्याच कोठारातून घेतं जे डिस्म दुरुस्त करतं. तरीही जमलं नाही तर अपडेट कॅटलॉगमधून ते पॅकेज स्वतः उतरवून लावा. आणि हे सगळं करण्याआधी बॅकअप. बॅकअप म्हणजे सर्व्हरलाच वर्षभर खोचून ठेवलेला पेन ड्राइव्ह नाही. रॅन्समवेअर आलं तर तोही सोबत जातो.

"लिनक्स लावा ना राव," असं म्हणणारे वाचक आत्ता खुर्चीत सरसावून बसले असतील. :-) लावा, जरूर लावा. मग उबुंटूच्या बूट पार्टिशनमध्ये जुनी कर्नलं साचून तेही अपडेट असंच अडकतं, ते कोण पाहणार? सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला, त्यानंतरही तो चालवणारी ऑफिसं आहेतच. सिस्टिम बदलली म्हणून मालक नसलेल्या डब्याला मालक मिळत नाही.

आता पंथाची बाजू. ती मांडल्याशिवाय भांडण करणं बरोबर नाही, कारण त्यांच्याकडे चांगले मुद्दे आहेत.

११ जानेवारी २०२२ चं अपडेट. ते लावल्यावर विंडोज सर्व्हरचे डोमेन कंट्रोलर पुन्हा पुन्हा रीस्टार्ट व्हायला लागले, काही ठिकाणी हायपर-व्हीवरची व्हर्च्युअल मशीनं सुरूच होईनात. ऑगस्ट २०२१ मध्ये प्रिंटरच्या एका भोकावर ठिगळ लावलं, आणि ऑफिसाऑफिसातले नेटवर्क प्रिंटर अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागायला लागले. मार्च २०२४ चं अपडेट, त्यात डोमेन कंट्रोलरची मेमरी गळायला लागून मशीन कोसळायचं. आणि १९ जुलै २०२४ कोण विसरेल? क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष फाइलने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं निळ्या पडद्यावर नेऊन ठेवली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ते मायक्रोसॉफ्टचं अपडेट नव्हतं हे खरं, पण बाहेरून आपोआप आलेलं होतं हेही खरं.

तेव्हा, "अपडेटच घात करतं" हे पंथाचं म्हणणं खोटं नाही. मायक्रोसॉफ्टने आपल्या चाचणीचा खर्च जगभरच्या लहान ऑफिसांवर ढकललाय, हा माझाही आरोप आहे. मोठ्या कंपनीकडे चाचणीसाठी वेगळी मशीनं असतात. पतसंस्थेचं चाचणीचं मशीन म्हणजे तिचं एकुलतं एक मशीन.

पण यातून निष्कर्ष काय निघतो? पंथ म्हणतो, कधीच हात लावू नका. मी म्हणतो, जरा थांबून लावा. या दोहोंत केवढा फरक आहे, तो तारखा सांगतात.

११ जानेवारी २०२२ च्या बिघडलेल्या अपडेटची दुरुस्ती १७ जानेवारीला आली. सहा दिवस. १२ मार्च २०२४ च्या अपडेटची दुरुस्ती २२ मार्चला आली, सर्व्हर २०१९ साठी २५ तारखेला. दहा ते तेरा दिवस. क्राउडस्ट्राइकने ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली होती.

आता दुसऱ्या बाजूच्या तारखा पाहा. फायली शेअर करण्याच्या एसएमबी प्रोटोकॉलमधलं भोक मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला बुजवलं. वॉनाक्राय आला १२ मे २०१७ ला. मध्ये एकोणसाठ दिवस होते. जवळपास दोन महिने दार बंद करायचं सामान घरात येऊन पडलं होतं, आणि तरी दीडशे देशांतली दोन लाखांहून जास्त मशीनं गेली. मग पुन्हा २७ जून २०१७ ला नॉटपेट्या आला. तो त्याच भोकाचाही वापर करत होता. तेव्हा अपडेट येऊन १०५ दिवस झाले होते.

नॉटपेट्याने आपल्या महाराष्ट्रातही काम बंद पाडलं होतं, हे किती जणांना आठवतं? न्हावाशेवा, म्हणजे जेएनपीटी. तिथलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल मर्स्क समूहाची एपीएम टर्मिनल्स चालवते. मर्स्कचं जगभरचं जाळं पडलं आणि तेव्हा आपलं सगळ्यात मोठं असलेल्या कंटेनर बंदरातलं हे टर्मिनलही त्यासोबत बसलं. मर्स्कला पुढच्या दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले. त्यांचे डोमेन कंट्रोलर सगळे गेले होते, एक सोडून. तो घानामध्ये होता आणि वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! लोडशेडिंगचे असे उपकार इतिहासात फार कोणावर झाले नसतील. पण आपली बॅकअप योजना वीज जाण्यावर अवलंबून ठेवावी असं मात्र मी सुचवणार नाही.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की नॉटपेट्या पहिल्यांदा आत शिरला तो युक्रेनमधल्या एम-ई-डॉक नावाच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. आणि आत शिरल्यावर तो पासवर्डही चोरायचा, त्यामुळे अपडेट केलेली मशीनंही काही ठिकाणी गेली. म्हणजे अपडेट हे सगळ्यावरचं औषध नाही. पण लस शंभर टक्के चालत नाही म्हणून कोणी पोराला लस द्यायची थांबत नाही ना?

"आमचा सर्व्हर इंटरनेटला जोडलेलाच नाही," हे पुढचं वाक्य. असेल. पण त्याच स्विचला रिसेप्शनचा पीसी जोडलेला आहे, ज्यावर दिवसभर ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप वेब चालतं. वॉनाक्रायसारख्या किड्याला एक मशीन पुरतं, पुढचं तो शेजाऱ्या-शेजाऱ्यांतून स्वतः जातो. त्यातून अनेक ऑफिसांत एसएमबीची पहिली, जुनाट आवृत्ती अजून मुद्दाम सुरू ठेवलेली असते. का? तर जुनं झेरॉक्स मशीन स्कॅन केलेली फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये टाकतं, आणि त्याला दुसरी भाषा येत नाही. एका झेरॉक्स मशीनच्या सोयीसाठी अख्ख्या ऑफिसाचं दार उघडं.

आणि आपण, सॉफ्टवेअरवाले? आपण फार शहाणे आहोत असं समजू नका. ३१ जुलै २०२४ ला एनपीसीआयने सी-एज टेक्नॉलॉजीजला पेमेंटच्या जाळ्यातून वेगळं काढलं. रॅन्समवेअर हल्ला झाला होता. देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे, त्यात सहकारी आणि ग्रामीण बँका, यूपीआयसारखे व्यवहार थांबले. सुरक्षा संशोधकांच्या अहवालानुसार साखळीची सुरुवात झाली ती एका दुसऱ्या कंपनीच्या नीट न बसवलेल्या जेनकिन्स सर्व्हरपासून. जेनकिन्स! आपण रोज सकाळी ज्याचा हिरवा-लाल गोळा पाहून चहा पितो तेच. त्यातल्या त्या भोकाची दुरुस्ती २४ जानेवारी २०२४ ला आलेली होती. म्हणजे सहा महिने तिथेही कोणीतरी म्हणत होतं, चालू आहे ना, मग हात नका लावू. पैसे मात्र खेड्यातल्या खातेदाराचे अडकले.

मग करायचं काय? माझा प्रस्ताव अगदी कंटाळवाणा आहे: २० तारखेनंतरचा पहिला शनिवार.

मायक्रोसॉफ्टचं मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतं, म्हणजे ८ ते १४ तारखेच्या दरम्यान, आपल्याकडे रात्री साडेदहा-साडेअकराला. आता सीएच्या ऑफिसचं कॅलेंडर बघा. दरमहा भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची तारीख ११, जीएसटीआर-३बीची २०. म्हणजे अपडेट नेमकं ऑफिसच्या गळ्याशी आलेलं असतानाच दारात उभं राहतं. आपोआप लागू दिलं तर बुधवारी सकाळी सर्व्हर रीस्टार्ट होतो आणि ११ तारखेला सगळे कपाळावर हात मारून बसतात. पंथाचे अर्धे भक्त याच एका अनुभवातून तयार झालेले आहेत.

२० नंतरचा पहिला शनिवार घेतला तर अपडेट येऊन ११ किंवा १८ दिवस झालेले असतात. कॅलेंडर काढून मोजून पाहा, दुसरा आकडा येत नाही. तेवढ्या दिवसांत जगाने ते अपडेट वापरून पाहिलेलं असतं, बिघाड असेल तर बोभाटा झालेला असतो, बहुतेक वेळा दुरुस्तीही आलेली असते. त्या दिवशी आधी मायक्रोसॉफ्टचं त्या अपडेटच्या ज्ञात अडचणींचं पान वाचायचं. मार्च २०२४ मध्ये तो शनिवार २३ तारखेला होता. सर्व्हर २०१९ वाल्याला पान वाचून कळलं असतं की अजून दोन दिवस थांबलेलं बरं. आणि मार्च २०१७ मध्ये? तो शनिवार २५ मार्चला आला असता, वॉनाक्रायच्या सात आठवडे आधी.

तिमाही रिटर्नवाल्यांची ३बीची तारीख आपल्याकडे २२ आहे, त्या महिन्यात गरज पडली तर एक शनिवार पुढे सरका. जुलै-सप्टेंबरच्या मोठ्या तारखांना दिवस बदला. पण दिवस ठरलेला हवा. एक अपवाद मात्र पक्का: जो सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा आहे, किंवा ज्या भोकातून हल्ले सुरू झाल्याच्या बातम्या आहेत, तिथे शनिवारची वाट पाहायची नाही. मार्च २०२१ मध्ये एक्स्चेंज मेल सर्व्हरची दुरुस्ती आली तेव्हा हल्ले आधीच सुरू होते. तिथे अकरा दिवस म्हणजे फार झाले.

त्या शनिवारी करायचं ते एवढंच. बॅकअप, आणि त्यातली एखादी फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघणं. सी ड्राइव्हची जागा बघणं. अपडेट, रीस्टार्ट, टॅली उघडतं का, प्रिंट निघते का. एका साध्या वहीत तारीख, काय लावलं, काय अडलं, कोणी केलं. आणि मेन स्विचवर एक चिठ्ठी: 'आज बंद करू नये.' तीन-चार तासांचं काम आहे. यात कुठेही प्रतिभा लागत नाही.

लागतात ते पैसे, आणि भांडणाचं मूळ तिथेच आहे. आपल्याकडे एएमसीचा अर्थ 'बिघडलं की फोन करा' असा आहे. वर्षाचे ठरलेले पैसे आधी घेतलेले, त्यामुळे जितके फोन कमी तितका एएमसीवाल्याचा फायदा. अपडेट लावलं आणि काही अडलं तर फुकटची फेरी. अपडेट बंदच केलं तर वर्षभर शांतता. मग तो काय करणार? त्याला शिव्या देऊन उपयोग नाही, करारच त्याला हे करायला सांगतो. माझ्या ओळखीतल्या एका ऑफिसात सर्व्हरचं शेवटचं अपडेट साडेतीन वर्षांपूर्वीचं निघालं. अपडेटची सर्व्हिस मुद्दाम बंद केलेली होती. विचारलं तर उत्तर आलं, "साहेब, तेव्हापासून एक तक्रार नाही पाहा." अगदी बरोबर. धुराचा अलार्म काढून ठेवला की तोही तक्रार करत नाही.

तेव्हा मालकलोकहो, करारात 'मासिक अपडेट आणि त्याची नोंद' अशी ओळ घाला आणि त्या ओळीचे पैसे वेगळे द्या. ऑफिसच्या एसीची सर्व्हिसिंग तुम्ही बिघडण्याआधी करून घेता. उन्हाळा लागायच्या आधी कूलरची खस बदलता. तुमच्या ग्राहकांचे पॅन, आधार, बँक खात्यांचे कागद ज्याच्यात आहेत त्या डब्याला मात्र काहीच नाही? आता हा नुसता नीतीचा प्रश्नही राहिलेला नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची मुदत देऊन. दंड धंतोलीच्या ऑफिसला २५० कोटी होणार नाही हे मलाही कळतं. पण "आम्ही अपडेट बंद ठेवलं होतं, कटकट नको म्हणून" हे वाक्य तिथे जाऊन म्हणायला तुम्हाला आवडेल का?

आणि आता आपण. तुमच्या कंपनीत एखादं पॅच एक महिना राहिलं तर लाल रंगाचा रिपोर्ट निघतो, मॅनेजर विचारतो, ऑडिटर विचारतो. त्या सगळ्या शिस्तीचा पगार तुम्ही घेता. आणि तीच शिस्त मामाच्या ऑफिसला, शेजारच्या डॉक्टरकाकांच्या लॅबला शिकवायची वेळ आली की तुमच्याकडे देण्यासारखं काय असतं? "सर्व्हिस डिसेबल करा." हा सल्ला तुम्ही स्वतःच्या क्लायंटला ईमेलवर लिहून द्याल का? नाही ना? मग काकांना तोंडी का देता? ते तुमच्या डिग्रीवर विश्वास ठेवतात म्हणून?

तुम्ही फुकट राबावं असं मी म्हणत नाही. "पोरगा कॉम्प्युटरचा आहे, बघून देईल" या फुकटेपणाचाही मला तेवढाच राग आहे. पण सल्ला द्यायचाच असेल तर बरोबर द्या, आणि जमणार नसेल तर "यासाठी पैसे देऊन माणूस नेमा" एवढं स्पष्ट सांगा.

पुढच्या वेळी घरी आलात आणि कोणी सर्व्हर दाखवला, तर कुठल्याही कमांडच्या आधी तीन प्रश्न विचारा. शेवटचं अपडेट कधी लागलं? शेवटचा बॅकअप उघडून कोणी पाहिला? आणि या मशीनचा मालक कोण? पहिल्या दोघांची उत्तरं मशीनमध्ये सापडतील. तिसऱ्याला खोलीत शांतता पसरेल, लोक एकमेकांकडे बघतील. तेव्हा घाई करून काही दुरुस्त करायला बसू नका. कोणाचं तरी नाव पुढे येईपर्यंत थांबा आणि ते नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहा. अपडेट त्यानंतर लावू.